कृष्णाची शाळा उशिरा का सुरू झाली?



आजचं चिंतन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४५

हा अध्याय मी अनेकदा वाचलाय, पण त्यातला क्रम कधी नीट पाहिलाच नव्हता. कंसवधानंतर देवकी-वसुदेव बंधनातून सुटतात. मग वसुदेव गर्गाचार्यांकडून कृष्ण-बलरामांची मुंज करवतात. त्यानंतर दोघं अवंतीला सांदीपनींकडे शिकायला जातात. म्हणजे आईवडील सुटले, तेव्हा कुठे मुलं गुरुकुलात गेली!

इथे मला एक मुलगा आठवला. संध्याकाळी वस्तीत आम्ही काहीजण अभ्यासवर्ग घेतो. हा सातवीतला, गणितात हुशार, पण मध्येच गायब व्हायचा. शाळेतही दांड्या. एकदा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "उद्या वडिलांची सही आण, नाहीतर येऊ नकोस." तो खरंच आला नाही. पंधरा दिवस.

शेवटी घरी गेलो, तेव्हा आजीने सांगितलं. वर्गात 'पप्पा दुबईला' म्हणणाऱ्या या मुलाचे वडील कच्चे कैदी होते. आईला कामावर खाडा परवडत नाही, आजीला वाचता येत नाही. म्हणून तारखेला हाच आजीला कोर्टात न्यायचा. पोलिसांच्या गाडीतून उतरताना वडील दिसायचे, तेवढीच भेट. दुसऱ्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते विचारायचं, तर काल कुठे होतास हे सांगावं लागणार. त्यापेक्षा न गेलेलं बरं!

आपल्याकडच्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक असे कच्चे कैदी आहेत, खटला अजून संपलेला नाही. आई तुरुंगात असेल तर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकतं. म्हणजे नेमकं शाळेच्या वयात ताटातूट.

कुणी म्हणेल, वसुदेव-देवकी निर्दोष होते, इथे गुन्ह्याचा आरोप आहे. असेल. पण मुलावर कुठला आरोप आहे? कृष्णालाही आईवडिलांचा बंदिवास चुकला नाही. त्याला सांभाळलं नंद-यशोदेनं. चौकशा न करता.

मी त्या मुलाची माफी मागितली. त्याने एवढंच विचारलं, "दादा, आजीचा अंगठा चालेल का?"

चालतो. आता तारखेच्या दिवशीचा अभ्यास त्याचा मित्र वहीत उतरवून ठेवतो. कैद्यांच्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळू शकते; त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात आम्ही आजीसोबत अर्ज भरला.

अध्यायाच्या शेवटी गुरुदक्षिणा काय आहे, आठवतंय ना? सांदीपनींचा हरवलेला मुलगा परत आणून देणं. शिक्षणाचं ऋण असं फिटतं!

आजचा संकल्प : कुठल्याही मुलाला चारचौघांत 'तुझे वडील काय करतात?' असं विचारायचं नाही. तो आला नाही, तर आधी त्याच्या घरी जायचं.

राम कृष्ण हरी 🙏