वस्तीपर्यंत पोहोचणारी गाडी : टिकाऊ भाग कसे निवडावेत?



नकाशावर पाहिले तर शिरूर आणि दौंड हे तालुके रस्त्यांनी चांगले जोडलेले दिसतात. पुणे-नगर रस्ता शिरूरवरून जातो, पुणे-सोलापूर महामार्ग दौंड तालुक्यातून जातो आणि दौंड तर रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. पण डांबरी रस्ता सोडून नदीकाठच्या किंवा माळावरच्या भिल्ल, पारधी, ठाकर वस्तीकडे वळले की चित्र बदलते. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, उन्हाळ्यात पिठासारखी धूळ, आणि पावसाळ्यात चाकाला थरावर थर चिकटणारी काळी माती. अशा वाटेवर औषधे, धान्य किंवा अडलेली बाळंतीण न्यायची असेल, तर चारही चाकांना जोर मिळणारी गाडी लागते. म्हणजेच फोर व्हील ड्राइव्ह.

नवी गाडी अनेक संस्थांच्या आवाक्याबाहेर असते. मग जुनी जीप घेऊन ती नीट बांधून घ्यावी असा विचार पुढे येतो. पैसा देणगीचा असतो, म्हणून तो कोणत्या भागावर खर्च व्हावा हे केवळ मिस्त्रीने नव्हे, तर देणाऱ्यांनी आणि कार्यकारिणीनेही समजून घ्यावे. त्यासाठी हा पाठ.

१. पाबळचा धडा

शिरूर तालुक्यातच याचा एक चांगला दाखला आहे. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणाऱ्या ग्रामीण मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवणे हा त्याचा हेतू. याच आश्रमात जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेक-बुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला.

जीपचेच भाग का सोयीचे, हे आपल्याला सहज उमगते. महिंद्रने १९४७ पासून भारतात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून तिच्या घराण्यातल्या गाड्या गावोगावी फिरल्या. त्यांचे बेअरिंग, ऑईल सील, पाटे तालुक्याच्या बाजारात मिळू लागले आणि ते बसवणारे हातही तयार झाले.

म्हणून टिकाऊपणाची पहिली कसोटी अशी : भाग किती वर्षे टिकेल एवढेच विचारू नये, तो मोडला तर कुठे मिळेल, कोण बसवेल आणि किती दिवसांत, हेही विचारावे. परदेशातून मागवावा लागणारा मजबूत भाग मोडला, तर गाडी महिनाभर उभी राहते. त्या महिन्यात वस्तीच्या दृष्टीने ती गाडी नसल्यासारखीच.

२. जोर कसा वाढतो

इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचताना अनेक पटींनी वाढतो. समजा पहिल्या गिअरमध्ये तो ३ पट होतो, लो गिअर टाकल्यावर आणखी २.५ पट आणि ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमुळे ४.५ पट. तिन्हींचा गुणाकार जवळजवळ ३४ येतो. म्हणजे चिखलात रुतलेल्या गाडीच्या ॲक्सलवर इंजिनाच्या सुमारे ३४ पट पीळ पडू शकतो. चाक मोकळे फिरले तर हा पीळ निघून जातो. चाक दगडात अडकले आणि चालकाने क्लच झटक्यात सोडला, तर साखळीतील सर्वांत अशक्त कडी तुटते.

यातून दुसरी कसोटी निघते. एकच भाग फार मजबूत केला तर तूट टळत नाही, फक्त तिची जागा बदलते. दांडग्या उंचीचे टायर बसवले की ॲक्सल, ब्रेक, स्टिअरिंग आणि क्लच या सगळ्यांवरचा भार वाढतो. प्रोपेलर शाफ्टचा यूजे क्रॉस तुटला तर तो स्वस्तात आणि थोड्या वेळात बदलता येतो. क्राऊन-पिनियनचे दात गेले तर सगळा ॲक्सल उघडावा लागतो. त्यामुळे गाडी कंपनीच्या मूळ मापाने, सर्व भाग एकमेकांना साजेसे ठेवून बांधणे हेच बहुधा शहाणपणाचे ठरते.

३. भागवार निवड

टायर : काळ्या मातीसाठी खोल आणि मोकळ्या खाचांचे टायर हवेत, म्हणजे फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. मात्र अगदी ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर ओल्या डांबरावर ब्रेक लावताना कमी पकड देतात आणि लवकर झिजतात. वस्तीची गाडी अर्ध्याहून अधिक वाट डांबरावरच चालत असेल, तर ऑल टेरेन प्रकारचे टायर योग्य. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत, नाहीतर फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात. याच कारणाने जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नये. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते : २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर गोदामात किती वर्षे पडून होता, हे त्यावरून कळते.

पाटे : भार वाहण्यासाठी पाट्यांची स्प्रिंग आजही भरवशाची आहे. एखादा पाटा तुटला तरी गाडी बहुतेक वेळा हळूहळू घरी आणता येते. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. उष्णतेने पोलादाचा ताव जातो आणि तो तिथेच पुन्हा तुटतो. पाटे काढले की यू-बोल्ट नवेच घालावेत, कारण जुने ताणले गेलेले असतात. काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत.

नट-बोल्ट : बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. तो आकडा बोल्टची ताकद सांगतो, १०.९ चा बोल्ट ८.८ पेक्षा अधिक ताण सोसतो. कंपनीने दिलेला आकडा पाहून तसाच बोल्ट घ्यावा. काहीच आकडा नसलेला बोल्ट स्टिअरिंग, ब्रेक किंवा सस्पेन्शनला कधीही लावू नये.

बेअरिंग आणि सील : चाकाच्या हबमधील बेअरिंग आतली जाळी आणि बाहेरची रिंग अशी जोडीनेच बदलावी. ओढ्यातून गाडी वारंवार जात असेल तर ग्रीस नेहमीपेक्षा लवकर बदलावे. यूजे क्रॉस ग्रीस निप्पल असलेला घ्यावा, म्हणजे पाणी-चिखलातून आल्यावर ग्रीस गनने जुने ग्रीस बाहेर काढता येते.

ब्रीदर : हा अगदी किरकोळ दिसणारा भाग. ॲक्सल चालताना तापतो. तापलेला ॲक्सल अचानक थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. मग गिअर ऑईल दुधाळ चहासारखे दिसू लागते आणि बेअरिंग गंजतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बोनेटच्या आत उंचावर बांधले की हे टळते. खर्च नळीचा आणि दोन क्लॅम्पचा.

एअर फिल्टर : फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या भागातली धूळ इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू असते. फिल्टरच्या कडेने शिरलेली धूळ पिस्टन रिंग झिजवते. फिल्टर चांगल्या प्रतीचा घ्यावाच, शिवाय त्याच्या खोक्याचे रबर आणि नळीचे क्लॅम्प घट्ट आहेत का ते पाहावे.

इंजिन : जुन्या यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन साध्या हत्यारांनी दुरुस्त होते, पण धूर अधिक सोडते. नवे इंजिन स्वच्छ आणि जोरकस असते, पण बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. आपल्या वाटेवर जवळचे गॅरेज कोणते काम करू शकते, ते आधी पाहून मग निवड करावी.

४. जुने कुठे चालेल, कुठे नाही

सर्व भाग नवे घेण्याची गरज नसते. ॲक्सलचे हाउसिंग, गिअरबॉक्सचे कवच, चाकाच्या सरळ डिस्क, दारे हे भाग तडा आणि गंज तपासून जुने घेता येतात. पण ब्रेकचे भाग, रबरी नळ्या, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, बेअरिंग, सील आणि क्लच प्लेट नवीनच आणि पक्क्या बिलाने घ्यावेत. हुबेहूब खोक्यातला बनावट माल बाजारात असतो. पक्के बिल न देणाऱ्याकडून स्वस्त बेअरिंग घेतले तर वाचलेले पैसे पहिल्याच पावसात जातात.

५. कायद्याची मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब ठामपणे सांगितली. पुढे बसवतात ते लोखंडी बुल बार डिसेंबर २०१७ पासून केंद्र सरकारने बेकायदा ठरवले आहेत. अपघातात ते पायी जाणाऱ्याला जबर इजा करतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे जुनी जीप घेण्याआधी कागदपत्रे पाहावीत आणि इंजिन बदलायचे असल्यास आरटीओची लेखी मंजुरी आधी घ्यावी. बेकायदा बदल असलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याची भरपाई अडू शकते आणि तो भार संस्थेवर, म्हणजेच सेवाकार्यावर पडतो.

६. कारभारीपणाचा हिशेब

गाडीसाठी देणगी गोळा करताना सगळी रक्कम खरेदीवर संपवू नये. एक वाटा देखभालीसाठी बाजूला ठेवावा आणि गाडीत एक वही ठेवावी : ऑईल कधी बदलले, ग्रीस कधी मारले, कोणता भाग कुठून, किती रुपयांना आणला. वर्षभराने ही वही सांगते की कोणता भाग खरोखर टिकला. चालक बदलला तरी गाडीची ओळख वहीत राहते. आणि चालकाला एक मोकळीक द्यावी : ओढ्याचे पाणी अधिक वाटले किंवा माती फार ओली असली, तर गाडी अलीकडे थांबवून पायी जाण्याची. कोणताही भाग, कितीही महागाचा असला तरी, खोल काळ्या चिखलात रुतलेल्या गाडीला बाहेर काढण्याची खात्री देत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या संस्थेच्या गाडीचा कोणता भाग गेल्या वर्षी दोनदा बदलावा लागला? त्यामागचे कारण शोधले का?

२. गाडी आज वाटेत बंद पडली, तर लागणारा भाग शिरूर, दौंड की पुण्यात मिळेल?

३. पुढच्या अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम वेगळी दाखवली आहे का?

४. गाडी ज्यांच्यासाठी घेतली, त्या वस्तीतल्या लोकांना पावसाळ्यातली वाट कशी असते हे आपण विचारले का? कोणता ओढा कधी उतरतो आणि कुठली माती गाडी धरून ठेवते, हे त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक असते.