दुसऱ्याची ठेव

दुसऱ्याच्या नावाचे पत्र आपण फोडत नाही. शेजाऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेली पेटी उघडून पाहत नाही. अशा वस्तूला मराठीत 'ठेव' म्हणतात. उर्दूत तिलाच आपण 'अमानत' म्हणतो. ठेव केवळ पैशांची किंवा दागिन्यांची नसते. एखाद्याची खाजगी चित्रफीत आपल्या मोबाईलवर आली, तरी ती आपली होत नाही. ती त्या माणसाचीच ठेव असते.

मुलांनो, कॅनडा देशातील क्वेबेक प्रांतात घडलेली ही खरी हकिकत वाचा. २००२ साली एका शाळकरी मुलाने शाळेतील कॅमेऱ्यासमोर एकट्यानेच एक खेळ केला. गोल्फचे चेंडू उचलण्याची लांब काठी त्याने घेतली आणि 'स्टार वॉर्स' चित्रपटातील योद्ध्याप्रमाणे ती तलवारीसारखी फिरवली. त्यात वाईट असे काहीच नव्हते. मात्र ते चित्रण लोकांना दाखवण्यासाठी नव्हते. ती फीत शाळेतच राहिली. २००३ साली ती काही मुलांच्या हाती लागली. त्यांनी गंमत म्हणून ती संगणकावर उतरवली. पुढे ती इंटरनेटवर गेली.

त्या वेळी यूट्यूब नव्हते, व्हॉट्सॲपही नव्हते. तरीसुद्धा ती फीत जगभर पसरली. लोक पोट धरून हसले. तो मुलगा मात्र रडत होता. शाळेत मुले त्याला चिडवू लागली. अनोळखी माणसे त्याला कठोर शब्द लिहू लागली. शेवटी त्याला शाळा सोडावी लागली. त्याच्या आईवडिलांनी चार मुलांच्या कुटुंबांवर दावा लावला. २००६ साली तो न्यायालयाबाहेर मिटला. पुढे तो मुलगा कायदा शिकला. २०१३ साली त्याने आपली कहाणी सांगितली आणि असे दुःख भोगणाऱ्या मुलांना धीर दिला.

दावा चौघांच्या घरांवर झाला. पण फीत जगभर नेणारे हात किती होते? प्रत्येकाला वाटले, "मी एकट्याने पाठवल्याने काय बिघडते?" थोडा हिशेब करू या. तुम्ही पाच जणांना पाठवले. त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना पाठवले. असे चालत राहिले, तर सहाव्या फेरीत ती फीत १५,६२५ नव्या लोकांपर्यंत पोहोचते! आणि धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही.

काही जण म्हणतात, "तिनेच व्हिडिओ काढू दिला, मग चूक कोणाची?" ज्याच्या घरी चोरी झाली, त्याला कोणी चोर म्हणते का? एकाला दिलेली परवानगी ही सर्वांना दिलेली परवानगी नव्हे. विश्वास ठेवणारा गुन्हेगार नसतो. विश्वास मोडणारा गुन्हेगार असतो.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ६६ ई प्रमाणे, कोणाच्याही शरीराच्या खाजगी भागाचे चित्र त्याच्या संमतीशिवाय काढणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चित्र अठरा वर्षांखालील मुलामुलींचे असेल, तर कायदा अधिक कडक आहे. "मी काढले नाही, फक्त पुढे पाठवले," ही सबब चालत नाही.

मग अशी चित्रफीत आली तर काय करावे? ती पुढे पाठवू नये. पाठवणाऱ्याला स्पष्टपणे थांबवावे. आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगावे. आपलीच चित्रफीत कोणी पसरवली, तर लाजून गप्प बसू नये. पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि ज्याची फीत पसरली, त्याच्याशी बोलणे बंद करू नये. अशा वेळी एक सोबतीही मोठा आधार असतो.

बोट उचलून पाठवायला एक क्षण लागतो. बोट आवरायलाही एकच क्षण लागतो. ठेव सांभाळायची की उधळायची, हे त्या क्षणी आपल्याच हातात असते.

शब्दार्थ
ठेव – विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू
हकिकत – घडलेली गोष्ट
संमती – परवानगी, मान्यता
सबब – निमित्त, बहाणा
उधळणे – वाटेल तशी उडवणे

स्वाध्याय
१. कॅनडातील मुलाला शाळा का सोडावी लागली?
२. 'एकाला दिलेली परवानगी ही सर्वांना दिलेली परवानगी नव्हे', हे वाक्य स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. 'पोट धरून हसणे', 'धीर देणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या वर्गातील एखाद्याची चित्रफीत पसरली, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा ओळींत लिहा.