दुर्बिणीचा मार : रायफल चालवताना डोळा कसा जपावा

या पानावर आपण बहुधा ताप, खोकला, मधुमेह, बाळंतपण यांबद्दल बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही आपल्या घरातलाच आहे. वस्तीतल्या मैदानावर पहाटे धावणारी मुलं-मुली बघा. कोणी सैन्याची तयारी करतो, कोणी पोलीस भरतीची, कोणी राज्य राखीव दलाची. कॉलेजात एनसीसीला जाणाऱ्या मुली आहेत. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आजोबा आहेत. या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी रायफल येते. ती चालवताना स्वतःलाच इजा होऊ शकते, हे मात्र घरात कोणी सांगत नाही.

आमच्या रविवारच्या आरोग्य वर्गाला एक जवान आला होता. सुट्टीवर होता. उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा ताजा व्रण. आईला त्याने सांगितलं होतं, "दारावर आपटलं." वर्ग संपल्यावर आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, ते स्कोपचं लागलंय. चार दिवस कोणाला बोललो नाही. डोळ्यासमोर काळे ठिपके दिसायला लागले तेव्हा घाबरलो आणि उस्तादांना सांगितलं." लष्करी दवाखान्यात तपासणी झाली, उपचार झाले, नजर वाचली. पण ते चार दिवस त्याला फार महाग पडू शकले असते. डोळा गेला तर नोकरी जाते, आणि त्या नोकरीवर घरातली पाच माणसं जेवतात. म्हणून हा लेख.

धक्का येतो कुठून?

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. गोळी जितकी जड आणि वेगवान, तितका मागचा धक्का मोठा.

एनसीसीत मुलं चालवतात त्या पॉइंट टू टू रायफलची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते. तिचा धक्का हलका असतो. इन्सास रायफलची गोळी सुमारे ४ ग्रॅमची, पण तिचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास असते. तिचा धक्का पॉइंट टू टूच्या कित्येक पट असतो. एनसीसीत "मला काहीच लागलं नाही" असं म्हणणारा मुलगा पुढे मोठ्या रायफलवर गाफील राहतो तो यामुळेच.

भुवईच का फुटते?

साध्या रायफलवर निशाण धरायला पुढे-मागे लोखंडी खुणा असतात. दूरवर नेम धरायच्या रायफलवर मात्र दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवलेली असते. आपल्या सैन्यातले नेमबाज जवान वर्षानुवर्षे वापरत आले त्या ड्रॅगुनोव्ह रायफलवर अशी चार पट मोठं दाखवणारी दुर्बीण असते.

दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र दिसायला डोळा तिच्या मागच्या काचेपासून ठरावीक अंतरावर असावा लागतो. ड्रॅगुनोव्हच्या दुर्बिणीला हे अंतर ६८ मिलिमीटर आहे, म्हणजे सुमारे चार बोटं. शिकारीच्या किंवा खेळाच्या बऱ्याच दुर्बिणींना ते तीन ते चार इंच असतं. या अंतराचं काम दुहेरी आहे. चित्र स्वच्छ दिसावं हे एक, आणि रायफल मागे आली तरी दुर्बीण कपाळावर आदळू नये हे दुसरं.

मोठी रायफल खांद्याला नीट टेकलेली नसेल तर ती सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने मागे सुटते. चार बोटांचं अंतर कापायला तिला सेकंदाचा जेमतेम तिसावा हिस्सा पुरतो. तेवढ्या वेळात आपली पापणीसुद्धा मिटत नाही. दुर्बिणीची गोल धातूची कड भुवईवर किंवा नाकाच्या मुळावर बसते आणि चंद्रकोरीच्या आकाराची जखम होते. बहुतेक वेळा कातडीच फाटते. कधी नाकाचं हाड मोडतं, आणि क्वचित मार थेट डोळ्याला लागतो.

चूक नेमकी कुठे होते?

चित्राच्या कडेला काळी सावली दिसली की माणूस नकळत मान पुढे काढतो. खिडकीतून वाकून बघावं तसं. इथेच घात होतो. मान पुढे गेली की अंतर घटतं आणि गालही दस्त्यावरून उचलला जातो. गाल दस्त्यावर टेकलेला असला तर डोकं रायफलीबरोबर थोडं मागे जातं. सुटलेला असला तर डोकं जागेवर राहतं आणि दुर्बीण त्यावर येऊन आपटते.

दुसरी चूक दस्ता टेकवण्याची. दस्ता खांद्याच्या खोबणीत, म्हणजे गळ्याच्या हाडाखाली आणि दंडाच्या सांध्याच्या आतल्या बाजूला, घट्ट बसायला हवा. धक्क्याच्या भीतीने पुष्कळ जण तो सैल धरतात. सैल दस्त्याने मार कमी होत नाही, वाढतो. रायफलीला आधी मोकळी जागा मिळते, मग ती जोराने आदळते.

तिसरी गोष्ट शरीराच्या ठेवणीची. उभं राहून गोळी झाडताना अंग थोडं मागे झुलतं आणि धक्का जिरतो. पालथं पडून झाडताना अंग जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे ते कमी झुलतं. शिवाय त्या अवस्थेत मान आपोआप दुर्बिणीकडे सरकते. चढावर वर नेम धरतानाही तसंच होतं. अशा वेळी दर गोळीआधी अंतर पुन्हा पाहावं.

चौथी गोष्ट मापाची. रायफल एकाच मापाची येते, माणसं मात्र सारख्या मापाची नसतात. ठेंगण्या मुलामुलींना दस्ता लांब पडतो. चित्र दिसावं म्हणून त्यांना मान ताणावी लागते. उंच माणसाला दस्ता तोकडा पडतो आणि डोळा आपोआप दुर्बिणीजवळ जातो. "मला नीट दिसत नाही, रायफल अंगाला बसत नाही," हे सांगण्यात कमीपणा नाही. बूट पायाला लागला तर आपण बदलून घेतोच ना?

पाचवी गोष्ट, लहान-मोठं करता येणाऱ्या दुर्बिणीत चित्र मोठं केलं की डोळ्याचं अंतर बऱ्याचदा बदलतं. आधी बरोबर असलेली जागा मग चुकीची ठरते.

गोळी झाडण्यापूर्वी

खालची तपासणी उस्तादांच्या समोर, रायफल रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यांनी पाहून, नळीचं तोंड निशाणाच्या दिशेला ठेवूनच करायची. घरी किंवा मित्राच्या बंदुकीवर कधीही नाही.

१. ज्या स्थितीत गोळी झाडायची त्याच स्थितीत या. पालथं पडून झाडायची असेल तर उभं राहून केलेली तपासणी उपयोगाची नाही.

२. दोन्ही डोळे मिटा. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवा, मान सैल ठेवा, गाल सहज टेकेल तिथे दस्त्यावर टेकवा.

३. आता डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं तर जागा बरोबर आहे. कडेला काळी सावली दिसली तर मान हलवू नका. उस्तादांना सांगा. दुर्बीण पुढे-मागे सरकवायची किंवा दस्त्याचं माप बदलायचं काम त्यांचं आहे.

४. दुर्बिणीच्या मागे रबराची वाटी असेल तर ती शाबूत आहे का बघा. फाटली असेल तर सांगा. रबर आहे म्हणून भुवई त्यावर दाबायची नाही.

५. चाप हळू आणि सरळ मागे ओढा. आवाज झाल्यावरही क्षणभर गाल दस्त्यावरच राहू द्या. निशाण लागलं का हे बघायला डोकं झटकन उचलू नका.

चष्मा असणाऱ्यांनी ते आधीच सांगावं. काचेचा चष्मा फुटून डोळ्यात जाऊ शकतो. पॉलिकार्बोनेटची न फुटणारी भिंगं मिळतात, ती वापरावीत. चष्मा नसला तरी डोळ्याचा संरक्षक चष्मा लावणं चांगलं.

एक शब्द एअरगनबद्दल. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का लहान असतो, पण तो मागे आणि पुढे असा दोन्हीकडे येतो. बाजारात अशा एअरगनवर स्वस्त दुर्बीण लावून मिळते आणि लहान मुलं तिला डोळा चिकटवूनच बघतात. शिवाय तिचा छर्रा कोणाचाही डोळा कायमचा घालवू शकतो. एअरगन म्हणजे खेळणं नव्हे. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय ती मुलांच्या हाती देऊ नका.

लागलंच तर काय करायचं?

पहिलं काम रायफलचं. घाबरून ती टाकू नका, तिच्यासह मागे वळू नका. बोट चापावरून काढा, नळी निशाणाकडेच ठेवा आणि हात वर करून उस्तादांना हाक मारा. ते रायफल सुरक्षित करतील.

भुवईची जखम लहान असली तरी रक्त भरपूर वाहतं. स्वच्छ रुमालाने किंवा पट्टीने जखमेवर सलग दहा मिनिटं दाब द्या. मधेच उचलून बघत बसू नका. दाब भुवईच्या हाडावर द्यायचा, डोळ्याच्या बुबुळावर अजिबात नाही. सूज उतरायला बर्फ फडक्यात गुंडाळून आजूबाजूला धरा, तोही डोळ्यावर नको.

डोळ्यालाच मार लागला असं वाटलं तर डोळा चोळू नका, दाबू नका. कागदी पेल्याचा तळ डोळ्याच्या भोवतालच्या हाडावर टेकेल असा लावून वर पट्टी बांधा, म्हणजे डोळ्याला काही लागणार नाही. डोकं उंच ठेवून बसवा. मनाने कोणतेही थेंब टाकू नका. अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका, तिने रक्तस्राव वाढू शकतो.

जखमेत हळद, कॉफीची पूड, चुना, तंबाखू काही भरू नका. त्याने जखम पिकते आणि डॉक्टरांना ती साफ करायला त्रास होतो. तोंड उघडलेल्या जखमेला त्याच दिवशी टाके घालून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

ताबडतोब दवाखाना कधी?

दोन्ही डोळे एकेक करून झाकून बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एका डोळ्याचं बिघडलेलं दुसरा झाकून टाकतो. खालीलपैकी एकही लक्षण असेल तर थांबू नका. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात जा किंवा १०८ ला फोन करा.

– अंधुक दिसणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं
– डोळ्यासमोर वीज चमकणं, अचानक काळे ठिपके, किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं
– बुबुळाच्या रंगीत भागासमोर रक्त साचलेलं दिसणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या असणं
– डोळ्यात तीव्र दुखणं, गाल किंवा वरचा ओठ बधिर होणं
– नाक वाकडं होणं, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येणं
– उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ, वाढत जाणारी डोकेदुखी

शेवटच्या ओळीतली लक्षणं मेंदूला मार बसल्याची असू शकतात. म्हणून पहिले चोवीस तास जखमी माणसाला एकटं सोडू नये. वीज चमकणं किंवा पडदा येणं काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतं. डोळ्यामागचा पडदा सुटत असल्याची ती खूण असते. वेळेत उपचार झाले तर नजर वाचते.

कान आणि खांदाही

रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कानाच्या आतल्या बारीक पेशी अशा आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. कापसाचे बोळे पुरेसे नाहीत. कानात घालायचे प्लग किंवा कानावरचे मफ मागून घ्या, मोठ्या रायफलला दोन्ही वापरणं उत्तम. खांदा काळानिळा झाला तर दस्ता चुकीच्या जागी बसतो आहे असं समजा. हात वर उचलताच येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

लपवू नका

आमच्या अनुभवात इजेपेक्षा मोठा शत्रू लाज आहे. "सगळे हसतील, मागच्या तुकडीत टाकतील, नाव कापतील." या भीतीने मुलं व्रण लपवतात. आपली मुलं तर इथवर पोहोचायलाच फार झगडलेली असतात, म्हणून ती जास्तच गप्प राहतात. आईवडिलांनो, भरतीला निघालेल्या मुलाला डब्यासोबत एवढं वाक्य द्या : "लागलं तर त्याच दिवशी सांग. आम्ही रागावणार नाही." आणि ज्यांनी सैन्यात, पोलिसांत नोकरी केली आहे त्यांनी विहारात एखाद्या रविवारी मुलांना जमवून स्वतःचे अनुभव सांगावेत. भिंतीवर टेकून मान कशी ठेवायची हे दाखवायला बंदूक लागत नाही.

तो जवान परत कामावर रुजू झाला. जाण्याआधी त्याने आईला खरं सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "मला दाराची गोष्ट पटलीच नव्हती."

घरात सगळ्यांनी लक्षात ठेवायचं ते थोडक्यात : गाल दस्त्यावर, दस्ता खोबणीत, डोळा चार बोटं दूर. चित्र दिसत नसेल तर दुर्बीण हलवून घ्यायची, मान नाही. आणि लागलं तर त्याच दिवशी सांगायचं.