मृत्युपत्रात नाव नाही म्हणून

अमेरिकेतल्या जुन्या घराण्याचं मूळ शोधणारा माणूस आधी मूळपुरुषाचं मृत्युपत्र मागतो, आणि ते हाती आलं की आपलं काम झालं असं धरून चालतो. माझ्या मते खरं काम तिथून पुढे असतं. मृत्युपत्र ही कुटुंबाची यादी नव्हे. मागे राहणाऱ्या मालमत्तेची ती सोय आहे. ज्याची सोय आधीच लागली होती किंवा कायद्याने आपोआप लागणार होती, त्याचं नाव घालायची लिहिणाऱ्याला गरजच नव्हती.

वसाहतकाळातलं व्हर्जिनिया घ्या. बापाने जमिनीबद्दल काही लिहून ठेवलं नसेल, तर ती सगळी थोरल्या मुलाकडे जाई. ही रीत १७८५ च्या कायद्याने मोडली आणि त्याचा अंमल १७८७ पासून सुरू झाला. त्याआधीच्या मृत्युपत्रात धाकटे मुलगे, मुली, घोडी, पलंग, कथलाची भांडी सगळं सापडतं आणि थोरल्याचा पत्ता नसतो, असं होऊ शकतं. वाटणी म्हटली की प्रत्येक भावाचं नाव आलंच, या आपल्याकडच्या समजुतीने वाचणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. तो थोरल्याला वंशावळीतून उडवतो आणि त्याची लेकरं दुसऱ्याच भावाच्या नावावर चढवतो. थोरला भेटतो तो काउंटी कोर्टाच्या खरेदीखतांच्या वहीत. पुढे कधीतरी ती जमीन विकताना ती आपल्याकडे बापाकडून कशी आली, हे खतात नमूद केलेलं असतं. एखाद्या मुलीला एकच शिलिंग ठेवलेला दिसला की बापलेकीच्या भांडणाची गोष्ट रचली जाते. पुष्कळदा तिचा हिस्सा लग्नातच पोचलेला असतो, एवढंच.

कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची वही रुक्ष असते खरी, पण तिच्यातली एक ओळ पानभर मृत्युपत्राला भारी पडते. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या पोरक्या मुलाला आपला पालक कोर्टापुढे स्वतः निवडता येई. (बाप गेला की मूल पोरकं, मग आई घरात असली तरी.) ‘अमक्याने पालक निवडला’ अशी नोंद मिळाली, की त्या दिवशी तो चौदाच्या पुढे आणि एकवीसच्या आत होता हे कळतं. ज्याची जन्मनोंद कुठेच नाही, त्याचं जन्मसाल असं सातेक वर्षांच्या फटीत बसतं. फक्त १७५२ पूर्वीच्या तारखा जपून वाचाव्यात. तोवर इंग्रजी वसाहतींत सरकारी वर्ष २५ मार्चला बदले. म्हणून फेब्रुवारी १७२० ला सही झालेलं मृत्युपत्र एप्रिल १७२१ मध्ये कोर्टात आलं, तर मधला काळ चौदा महिन्यांचा नसून दोनच महिन्यांचा असतो.

नाव नाही म्हणून माणूस नाही असं होत नाही, या म्हणण्यावर आक्षेप येतो, की अशाने मृत्युपत्राच्या मौनातून वाटेल ते सिद्ध करता येईल. नाही येणार. मौन हा होकाराचा पुरावा नाही आणि नकाराचाही नाही, इतकंच मी म्हणतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थॉमस जेफरसनच्या मृत्युपत्राला मार्च १८२६ मध्ये जोडलेल्या पुरवणीत मॅडिसन आणि ईस्टन हेमिंग्ज ही नावं आहेत, पण सुतार जॉन हेमिंग्जचे शिकाऊ गडी म्हणून. एकविसाव्या वर्षी दोघांना गुलामीतून मोकळं करायचं, एवढंच त्यात लिहिलंय. त्यांची आई सॅली हिचं नाव मृत्युपत्रात नाही. जेफरसन आपला बाप, असं मॅडिसनने सांगितलं. ते १८७३ साली वर्तमानपत्रात छापून आलं. १९९८ च्या डीएनए चाचणीत ईस्टनच्या वंशजाचा जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी मेळ बसला. तेवढ्याने बाप नेमका कोण हे ठरत नाही. पण मॅडिसनचं निवेदन, जेफरसनच्या शेतीच्या वहीतल्या जन्मनोंदी आणि तो आपल्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर केव्हा होता याच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा बहुतेक इतिहासकारांनी ते नातं मान्य केलं. मृत्युपत्राने नाव दिलं, नातं बाकीच्या कागदांनी दिलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कागदच उरले नसतील तर? यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ च्या आगीत ती तिथेच जळाली. तरी हात टेकण्याआधी चॅन्सरी कोर्टाचे दावे पाहावेत. इस्टेटीवरून भाऊबंद भांडले, की दाव्यात मृत्युपत्राची नक्कल जोडली जाई, आणि दावा शेजारच्या काउंटीत चालला असेल तर ती नक्कल आगीतून वाचलेली असते. अशा दाव्यांची सूची लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने इंटरनेटवर खुली ठेवली आहे. तिच्यात शोधताना घराण्याच्या आडनावावर थांबू नये. विवाहित मुली नवऱ्याच्या आडनावाने पक्षकार होतात, तेव्हा जावयांची आडनावंही घालून पाहावीत.