विजोड ठशांची नाणी : पुरावा कसा तपासावा?

इतिहासलेखनात नाणे हे विश्वसनीय साधन मानले जाते. तथापि त्याचीही उलटतपासणी करावी लागते. ती कशी करावी, हे चौथ्या शतकातील रोमन कांस्य नाण्यांवरून उत्तम प्रकारे शिकता येते.

ही नाणी हाताने पाडली जात. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. त्यावर धातूची चकती ठेवून, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घातला जाई. खालच्या ठशाने दर्शनी बाजूवरील मुखवटा उमटे, वरच्या ठशाने मागील बाजूचे चित्र. घाव थेट सोसणारा वरचा ठसा सहसा लवकर झिजे व बदलावा लागे. अशा वेळी दुसऱ्याच मालिकेचा ठसा हाती आला, की विजोड नाणे तयार होई.

इ. स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टॅन्टिनोपल या नव्या राजधानीचे उद्घाटन केले. त्या सुमारास जुन्या व नव्या अशा दोन्ही नगरींच्या गौरवार्थ नाणी निघाली. 'उर्ब्स रोमा' असा लेख असलेल्या नाण्यामागे लांडगी व जुळी बालके असतात. 'कॉन्स्टॅन्टिनोपोलिस' असा लेख असलेल्या नाण्यामागे जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता असते. म्हणून पुढे नव्या राजधानीचा मुखवटा आणि मागे लांडगी दिसली, तर अभ्यासकाने थांबावे व तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : नाणे सरकारी टांकसाळीचे आहे काय? त्या काळी गॉल व ब्रिटनमध्ये अशा नाण्यांच्या असंख्य नकला झाल्या. त्यांत विजोड जोड्या पुष्कळ आढळतात. चुकलेली अक्षरे, ओबडधोबड आकृती, लहान व हलकी चकती या नकलेच्या खुणा होत.

दुसरा प्रश्न : दोन्ही ठसे कोठले? टांकसाळीची खूण मागील बाजूस, चित्राखालच्या रेषेच्या खाली असते. ती केवळ त्याच ठशाची साक्ष देते. मुखवट्याचा ठसा ओळखण्यासाठी त्याच ठशाचे दुसरे नाणे शोधावे लागते. अक्षरांमधील अंतर, अक्षर व आकृती यांचे परस्परस्थान आणि ठशाला गेलेल्या तड्याची उठावदार रेघ तंतोतंत जुळली पाहिजे. नाण्याची झीज मात्र जुळवू नये; ती प्रत्येक नाण्याची स्वतंत्र असते.

तिसरा प्रश्न : ही खरोखर चूक आहे काय? तीच जोडी निरनिराळ्या ठशांतून वारंवार आढळली, तर ती मुद्दाम काढलेली मालिका असण्याचा संभव वाढतो. पॅट्रिक ब्रून यांनी सिद्ध केलेला, ३१३ ते ३३७ या काळातील रोमन नाण्यांचा सूचिग्रंथ (१९६६) येथे उपयोगी पडतो. परंतु सूचीत नसलेले प्रत्येक नाणे चूकच, असे मानू नये.

कालनिर्णयाचाही एक नियम ध्यानात ठेवावा. दोन ठशांपैकी जो नंतरचा, त्याहून नाणे जुने असू शकत नाही. डाल्मॅटियस सप्टेंबर ३३५ मध्ये सीझर झाला. त्याच्या मुखवट्यामागे जुन्या मालिकेचे चित्र असले, तरी ते नाणे त्यानंतरचेच.

उत्तरकालीन रोमन कांस्य नाणी तमिळनाडूत व श्रीलंकेतही मोठ्या संख्येने सापडली आहेत, म्हणून ही पद्धत आपल्याही उपयोगाची आहे. नाण्यावर सम्राटाचे नाव कोरलेले असते, ते पाडणाऱ्या कामगाराचे नसते. विजोड नाणे हे त्या अनाम हातांच्या कामाचे क्वचित मिळणारे चिन्ह आहे. आणि म्हणूनच नकलेला चूक व चुकीला शोध समजण्याची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये.