आधी त्या दगडाचं गाव विचार

अगं, तुझे फोटो मोठे करकरून पाहिले. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी धोतराच्या चिंधीत जपून ठेवलेला दगड, बाहेरून काळपट, आत पांढरे चमचमते स्फटिक. हिरा आहे का, जीवाश्म आहे का, असं विचारतेस. हिरा नाही, जीवाश्मही नाही. पण 'नुसता दगडच' म्हणून अंगणात फेकू नकोस हं. नाशिक-पुण्याकडचे असे स्फटिक जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे तो बेसाल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्यांत झिरपलं आणि आतल्या भिंतीवर स्फटिक वाढत गेले. म्हणूनच विहीर खणताना, खाणीत, रस्त्यासाठी डोंगर फोडताना असे दगड निघतात. तुझ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात बघ, स्फटिकांचा एक झुबका मधोमध बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखा दोन्ही टोकांना फुललाय, आणि त्याच्या सपाट अंगावर मोत्याची झाक आहे. ही स्टिलबाइटची खूण. त्याऐवजी एका बिंदूपासून फाकलेल्या बारीक सुया असत्या, तर मी स्कोलेसाइट म्हटलं असतं. दोन्ही झिओलाइट गटातली खनिजं.

तरी फोटोवरून शिक्का मारायचा नाही. चिंधीत गळून पडलेला एखादा कण असेलच, तो घे आणि जुन्या बाटलीच्या काचेवर घासून बघ. ओरखडा उठला तर ती गार, म्हणजे क्वार्ट्झ. स्टिलबाइट किंवा कॅल्साइटनं काच ओरखडत नाही. मग त्याच कणाची पूड करून तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाक. बुडबुडे आले तर कॅल्साइट. एवढंच कर. संडास धुवायचं ॲसिड मुळीच लावू नकोस, झिओलाइट त्यानं खराब होतात. तापवूही नकोस, त्यांच्या स्फटिकांतच पाणी बांधलेलं असतं. आणि हातोडीला तर हातच लावू नकोस, माझी शपथ आहे.

त्याच ट्रंकेतल्या चपट्या दगडावरची काळी 'नेच्याची पानं' पाहून तू हरखलीस, ते मला कळतं. पण नीट बघ, त्यांना ना मधली शीर आहे, ना एकसारख्या पानांच्या जोड्या. फाटे नुसते फुटत गेलेत. दगडाच्या भेगेत मँगॅनीजयुक्त पाणी शिरलं की अशी नक्षी उमटते, तिला डेंड्राइट म्हणतात. भलेभले तिला फसतात.

खरे जीवाश्म पाहायचे तर विदर्भात जायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठासुद्धा सापडली आहे, कारण तिथे लाव्ह्याखालचा गाळाचा थर उघडा पडलाय. आणि आईच्या देवघरातला शाळिग्राम? नेपाळातल्या गंडकीच्या पात्रातून येणारा तो दगड म्हणजे अमोनाइट, हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा शंखधारी जीव. तुझ्या घरातला खरा जीवाश्म तो, आणि त्याची रोज पूजा होते!

म्हणून सांगते, दगड कुठून आला हे कळलं की निम्मी ओळख पटते. वाघोलीच्या खाणीतला गडद निळा झुबका असेल, तर जाणकाराच्या मनात पहिलं नाव कॅव्हन्साइटचंच येईल. तोच दगड गावाचं नाव न सांगता दाखवलास, तर तो दहा शक्यता मोजत बसेल. 'रत्न आहे, मी बघतो' म्हणत कुणी दारात आलं, तर हातात देऊ नकोस. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जा, तिथल्या नमुन्यांशी ताडून बघ, नाहीतर कॉलेजच्या भूशास्त्र विभागात दाखव.

त्याआधी आज संध्याकाळीच मोठ्या काकांना फोन कर. आजोबांना हा दगड कुठे सापडला, विहीर खणताना लागला असेल तर कुठल्या मळ्यात, कोणत्या साली, किती हातांवर, सगळं विचारून घे. चिठ्ठीवर लिही आणि ती चिठ्ठी त्याच चिंधीत ठेव. काकांचं वय झालंय गं, आणि हे सांगू शकणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.