कानबाई आणि इसिस

श्रावणात नागपंचमी झाली, की पुढच्या रविवारी दोंडाईचा व आसपासच्या गावी घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ घालून देवी सजवितात, रोटांचा नैवेद्य दाखवितात आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. खानदेशातील पुष्कळ माणसे पोटासाठी रेल्वेने सुरतेस गेली. त्यांच्याबरोबर कानबाईही तेथे गेली.

मिसर देशाच्या इसिस देवीचेही असेच झाले. अथेन्सजवळच्या पिरीअस बंदरात मिसरी लोकांनी तिचे देऊळ बांधले होते, हे इ. स. पूर्व ३३३ च्या शिलालेखावरून कळते. मृत पतीचे विखुरलेले अवयव शोधीत वणवण फिरणारी, बाळ होरसला जिवापाड जपणारी ही माता परक्या ग्रीकांनाही आपली वाटली. नाविक तर तिला समुद्राची स्वामिनीच मानीत.

रोममध्ये मात्र तिला सहज थारा मिळाला नाही. सेनेटने तिचे देऊळ पाडण्याचा हुकूम दिला, तेव्हा एकही कामगार पुढे येईना! अखेर पॉलस नावाच्या कॉन्सलने स्वतःच दारावर कुऱ्हाड घातली, अशी हकीकत एका रोमन लेखकाने सांगितली आहे. तरीही भक्ती ओसरली नाही. इ. स. ६२ च्या भूकंपात पाँपेईतील इसिसचे देऊळ कोसळले. ते सेल्सिनस नावाच्या सहा वर्षांच्या मुलाने स्वखर्चाने पुन्हा उभारले, असे तेथील शिलालेख सांगतो. खरा खर्च अर्थातच बापाचा! तो पूर्वी गुलाम असल्यामुळे त्याला नगरसभेत बसता येत नसे, असे विद्वान मानतात. नगरसभेने मग त्या बालकालाच सभासद करून घेतले.